मुलांच्या की मुलग्यांच्या?

विट्याहून प्रश्न आलाय: शाळेतल्या फलकावर ‘किशोरवयीन मुलांच्या आत्महत्या’ असं लिहिलंय, त्यात मुली धरायच्या का? आणि ‘पौगंडावस्था’ हा जास्त शुद्ध शब्द नाही का?

‘मुलांच्या’ हे ‘मूल’चं रूप, म्हणून त्यात दोघंही आली. फक्त मुलगे सांगायचे तर ‘मुलग्यांच्या’ म्हणा. हे रूप आपण जवळजवळ टाकूनच दिलं आणि ‘मुलांमध्ये प्रमाण जास्त’ हे वाक्य आता जो तो ठोकतो. अमेरिकेत १५ ते १९ वयात आत्महत्येने जाणारे मुलगे मुलींच्या सुमारे तिप्पट. भारतात २०२० साली अठराच्या आतले मुलगे ५,३९२ आणि मुली ६,००४, म्हणजे पारडं उलटं. दोन्हीकडे ‘मुलं’ लिहिलंत तर हा फरकच पुसला जातो. शिवाय भारताचे आकडे ही संख्या आहे. ‘दर’ म्हणायचं तर लाखामागे किती ते काढावं लागतं.

आता पौगंड. हा शब्द शास्त्रशुद्ध म्हणणाऱ्यांनी जुना श्लोक वाचावा: ‘कौमारं पञ्चमाब्दान्तं पौगण्डं दशमावधि, कैशोरमापञ्चदशात्.’ पौगंड दहाव्या वर्षीच संपलं! नारदस्मृती ‘पोगण्ड’ सोळापर्यंत नेते, हे खरं. पण ती कायद्याने अज्ञान, म्हणजे अल्पवयीन, कोण ते ठरवते, वयात येण्याशी तिचा संबंध नाही. त्या आधारावर मानसशास्त्राची परिभाषा उभी करणं मला मुळीच पटत नाही.

‘किशोर’ मात्र देखणा शब्द. मूळ अर्थ घोड्याचं पिल्लू. अमरकोशात तो घोड्यांच्याच नावांत येतो. म्हणजे आपलं शिंगरू. माण-जतकडे धनगरांचं बिऱ्हाड लादलेल्या घोडीमागे ते धावताना दिसतं: पाठीवर काही नाही, पण चाल घोडीइतकीच. ‘घोडी मेली ओझ्याने, शिंगरू मेलं हेलपाट्याने’ ही म्हण हेच सांगते. या वयाच्या दमणुकीला याहून नेमकं मराठी मला माहीत नाही. घरातलं ओझं पोरावर नाही, म्हणून ते थकत नाही असं समजणाऱ्यांनी ही म्हण दोनदा वाचावी.

फलकावर एवढंच लिहा: ‘किशोर-किशोरींच्या आत्महत्या’. ‘अयशस्वी प्रयत्न’ अजिबात नको. जीव वाचला त्याला अपयश कसं म्हणायचं? ‘प्रयत्नातून वाचलेली मुलगी’ म्हणा. अनेक देशांत प्रयत्न मुलींमध्ये जास्त आणि मृत्यू मुलग्यांमध्ये जास्त दिसतात, म्हणून हे दोन आकडे एका ओळीत मिसळू नका. खाली टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक ठळक छापा.