वाचकांचे प्रश्न : ऑटिझम असलेल्या प्रौढांचे खाणे का बिघडते?

प्रश्न : माझी मुलगी २९ वर्षांची असून पुण्यात नोकरी करते. गेल्या वर्षी तिला ऑटिझम असल्याचे निदान झाले. दहीभात, बिनफोडणीचे वरण आणि एका ठरावीक कंपनीची बिस्किटे यांखेरीज ती फारसे काही खात नाही आणि कामाच्या दिवशी संध्याकाळपर्यंत उपाशीच राहते. तिचे वजन बरेच उतरले आहे. नातेवाईक याला नखरे म्हणतात. मला मात्र वाटते की तिला बारीक राहायचे असावे. नेमके काय असेल?
– एक आई, नाशिक

उत्तर : बारीक राहण्याची इच्छा हे कारण असू शकते, परंतु तेच असणार असे आधीच धरून चालू नये. ऑटिझम आणि ॲनोरेक्सिया (वजन वाढण्याच्या भीतीने खाणे तोडण्याचा विकार) यांचा संबंध असावा, अशी शंका स्वीडनचे मानसोपचारतज्ज्ञ क्रिस्टोफर गिलबर्ग यांनी १९८३ मध्येच मांडली होती. पुढे २०१३ मध्ये अमेरिकेच्या मानसिक विकारांच्या निदान-पुस्तिकेत ‘आरफिड’ हा विकार स्वतंत्रपणे नोंदवला गेला. त्यात माणूस खाणे टाळतो, पण वजनाची किंवा दिसण्याची चिंता त्यामागे नसते. आपण वर्णन केलेले खाणे या दुसऱ्या प्रकाराच्या अधिक जवळचे वाटते. अर्थात निदान पत्रावरून करता येत नाही.

आपण सांगितलेल्या तिन्ही पदार्थांत एक साम्य आहे : ते दर वेळी जवळजवळ सारखेच लागतात. भेंडीची भाजी आज कोरडी होते, उद्या तिला तार सुटते. वांग्याच्या बिया एका घासात लागतात, दुसऱ्यात लागत नाहीत. फोडणीतली मोहरी मऊ भातात अचानक दाताखाली येते. आपल्या लक्षातही न येणारे हे फरक ज्याच्या संवेदना तीव्र आहेत त्याला ओकारी येईपर्यंत त्रास देऊ शकतात, आणि त्यातून चांगला अनुभव आलेले चार पदार्थच सुरक्षित वाटू लागतात.

संध्याकाळपर्यंत उपाशी राहण्याचे कारण बहुधा वेगळे असावे. ऑटिझम असलेल्या अनेकांना शरीरातून येणारे संकेत नीट ओळखता येत नाहीत; भूक ‘भूक’ म्हणून जाणवतच नाही, चिडचिड किंवा चक्कर म्हणून कळते, तीही उशिरा. त्यात काम मध्येच सोडणे, काय खायचे ते ठरवणे आणि कँटीनच्या गोंगाटात चारचौघांसारखे वागत जेवणे हे सगळे एका डब्यासाठी करावे लागते. दिवसभर स्वतःला सावरून थकलेले माणूस तो डबा सरळ टाळते. काहींच्या बाबतीत उष्मांक मोजण्यासारखा एखादा नियम आधी तब्येतीसाठी म्हणून सुरू होतो आणि नंतर मोडताच येत नाही. तेव्हा आकडे पाळणे हेच मनाला शांत ठेवते. मुलीशी बोलताना ‘का खात नाहीस?’ याऐवजी ‘खाताना नेमका कशाचा त्रास होतो?’ असे विचारावे.

वजन उतरत असल्याने फिजिशियनला दाखवणे लांबवू नये. हिमोग्लोबिन, लोह, बी-१२ यांच्या तपासण्या कराव्यात. बद्धकोष्ठता, आम्लपित्त आणि चालू औषधे यांचीही चौकशी व्हावी, कारण एकाग्रतेसाठीची काही औषधे भूक मारतात. घेरी येऊन पडणे किंवा पाळी बंद होणे असे काही झाले असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे, आणि बऱ्याच दिवसांच्या उपासमारीनंतर आहार त्यांच्या देखरेखीखालीच वाढवावा, कारण एकदम भरपूर खाऊ घातल्याने रक्तातील क्षारांचे प्रमाण धोकादायकरीत्या बिघडू शकते.

मानसोपचारतज्ज्ञ निवडताना त्यांना ऑटिझमचा अनुभव आहे का, हे विचारावे. लंडनच्या मॉडस्ली रुग्णालयाच्या पथकाने अशा रुग्णांसाठी ‘पीस’ नावाची उपचारपद्धती आखली, तीत वॉर्डातील रंग, आवाज आणि सौम्य चवीचा वेगळा मेन्यू यांचाही विचार केला आहे. आपल्याकडे एवढी सोय सहसा मिळणार नाही, पण जेवणाच्या वेळेचा मोबाइलमध्ये गजर लावणे आणि ऑफिसात शांत जागी डबा खाण्याची परवानगी मागणे तिला आजही जमेल. दहीभातात भाजी वाटून लपवण्याचा मोह मात्र कटाक्षाने टाळावा. एकदा ते तिच्या लक्षात आले, तर दहीभातही सुटेल.