आधी मे महिना बघा, मग घर घ्या

शहर सोडून डोंगरात नाहीतर समुद्राकाठी राहायला जायचंय, कुठे जाऊ, असे मेसेज सारखे येतायत. महाराष्ट्र एवढा मोठा की सगळ्यांना एकच उत्तर देता येत नाही, म्हणून यावेळी चार जणांच्या प्रश्नांची उत्तरं एकत्र देतेय. मी घरं बांधते आणि गेली १७ वर्षं कुडाळजवळ राहते, त्यामुळे कोकणाबद्दल जरा जास्त बोलणार.

ताई, आम्ही दोघं पुण्यात आयटीत आहोत, दोघांचंही वर्क फ्रॉम होम. महाबळेश्वरला घर घ्यावं असं फार वाटतंय. घेऊ का?

वाईला घ्या. महाबळेश्वर तुम्ही बहुतेक दिवाळीत नाहीतर मे महिन्यात बघितलंय. तिथे वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तो जवळपास सगळा जून ते सप्टेंबरमध्येच, लोक घराच्या भिंतींना बाहेरून गवताच्या झडी बांधून घेतात, कपडे वाळत नाहीत, चामड्याच्या पट्ट्यावर आठ दिवसांत बुरशी येते आणि लाइट गेली की नेटही गेलं. वाई तिथून घाट उतरून तीसेक किलोमीटर, पण पाऊस त्याच्या पाचव्या हिश्शाएवढाही नाही. कृष्णेचा घाट आहे, जवळच मेणवलीला नाना फडणवीसांचा वाडा आहे, पसरणी घाट चढलात की अर्ध्या तासात पाचगणी, म्हणजे वाटेल तेव्हा धुकं बघून संध्याकाळी कोरड्या घरात परत. आणि महाबळेश्वर-पाचगणी २००१ पासून इको सेन्सिटिव्ह झोन आहे, बांधकामाचे नियम कडक आहेत, 'परवानगी मिळून जाईल' असं कोणी तोंडी सांगत असेल तर तिथून उठा.

वय ६४, बायपास झालीय. संगमेश्वर तालुक्यात आजोबांचं घर आहे, सध्या बंद. डोंबिवलीचा फ्लॅट विकून मी आणि ही कायमचं तिकडे जावं म्हणतो.

काका, फ्लॅट विकू नका, वर्षभर तरी नाही. भाड्याने द्या आणि एक पूर्ण वर्ष तिकडे राहून बघा.

पहिली गोष्ट सातबारा. कोकणात तीन-तीन पिढ्या वारस नोंदी झालेल्या नसतात, उतारा काढला की वीस-बावीस नावं निघतात, त्यातली निम्मी माणसं हयात नसतात, उरलेली मुंबईत. तुम्ही कौलं बदलायला घेतलीत की कुणीतरी पुतण्या फोन करतो, आणि तो काही वाईट वागत नसतो, आजोबांचं घर त्याचंही आहेच. म्हणून आधी वारस नोंदी करून घ्या, सगळ्या हिस्सेदारांशी बोला, जमलं तर वाटप करून घ्या आणि मगच घरावर पैसे घाला.

दुसरं पाणी. तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो तिथे पाण्याला काय तोटा असं मलाही वाटायचं. पण जांभा पाणी धरून ठेवत नाही, पाऊस डोंगरावरून येतो आणि वहाळातून खाडीला जातो. मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात जा आणि विहिरीत स्वतः कळशी सोडा. कळशी बुडताना भरलेल्या पाण्याचा आवाज आला तर ठीक, तळाच्या दगडाला घासून खरखर आली आणि वर येताना अर्धी गढूळ आली तर दोन माणसांच्या घरालाही टँकर लागणार. आमच्या पहिल्या घरी ती खरखर मी ऐकलीय आणि पुढची तीन वर्षं मेमध्ये पाणी विकत घेतलंय.

तिसरं आणि तुमच्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे दवाखाना. जुलैतल्या एखाद्या रात्री, धो धो पाऊस असताना, वाडीपासून हृदयविकाराचा डॉक्टर असलेल्या हॉस्पिटलपर्यंत पोचायला किती वेळ लागतो ते गावातल्याच ड्रायव्हरला घेऊन एकदा मोजा. तासाच्या वर जात असेल तर गणपती-होळीला तिकडे जा, पण कायमचं राहायला नको. कोकणच हवं असेल तर कुडाळ-सावंतवाडीचा भाग बघा, हायवे आहे, रेल्वे आहे, आणि गोव्यातलं बांबोळीचं मेडिकल कॉलेज, जिथे अख्खा सिंधुदुर्ग जातो, पण तिथूनही हॉस्पिटलपर्यंतचा वेळ आधी मोजाच. माझ्या सासऱ्यांना भर पावसात तिथे वेळेत नेता आलं म्हणून ते वाचले.

भंडारदऱ्याजवळ डोंगरउतारावर लेक व्ह्यू प्लॉट स्वस्तात मिळतोय. मूळ मालक आदिवासी आहेत, एजंट म्हणतो नोटरी करू, नावावर नंतर होईल. घेऊ का?

नको दादा. आदिवासी खातेदाराची जमीन बिगर आदिवासीला सरकारी पूर्वपरवानगीशिवाय घेताच येत नाही, जमीन महसूल संहितेत कलम ३६ अ आहे, ते वाचा. नोटरीच्या कागदाने जमीन कधीच नावावर होत नसते, तुमचे पैसे जातील आणि त्या कुटुंबाची जमीनही अडकेल, ज्याचं मला जास्त वाईट वाटतं. शिवाय तुमच्या किंवा घरातल्या कुणाच्या नावावर सातबारा नसेल तर कुठलीही शेतजमीन घेताना अडचण येणारच. आणि उतार जेसीबीने कापून सपाट केलेला असेल तर तसा प्लॉट कायदेशीर असला तरी घेऊ नका. ३० जुलै २०१४ ला पुणे जिल्ह्यातलं माळीण गाव दरड कोसळून डोंगराखाली गेलं, ते विसरू नका.

मी नागपूरची. सगळे सह्याद्रीच सांगतात, आम्ही विदर्भातल्यांनी तिकडेच जायचं का?

अजिबात नाही ताई! तुमच्याकडे गोंदिया-भंडाऱ्याचा तलावांचा भाग आहे, नवेगावबांधचं तळं हिवाळ्यात पहाटे बघा, गोंदियाकडच्या धानाच्या बांध्यांत सारस पक्षी दिसतात आणि दिवाळीनंतर झाडीपट्टीची, म्हणजे पूर्व विदर्भातली, नाटकं रात्र रात्र चालतात. गोंदिया जंक्शन मुंबई-हावडा लाइनवर आहे, मेडिकल कॉलेजही तिथेच. त्रास उन्हाळ्याचा, पण तो नागपूरकरांना नवा नाही, आणि डासांचा, म्हणून घर तळ्याच्या पाळीला लागून घेऊ नका, गावठाणात उंचावर घ्या आणि सगळ्या खिडक्यांना जाळ्या पहिल्या दिवशीच लावून घ्या.