आधी काय संपतं, ते बघ

'मावशी, वर्षभरात आमच्या घरच्या चार सुट्ट्या झाल्या आणि चारही वेळा भांडणं झाली. दिवाळीत तिरुपती ठरलं होतं. यजमान म्हणाले, "बघू ना, वेळ आहे." शेवटी वेटिंगची तिकिटं काढली, ती पक्की झालीच नाहीत आणि आम्ही घरी चिवडा खात बसलो. जानेवारीत ताडोबाला रिसॉर्ट मिळालं, पण सफारीची जिप्सी मिळाली नाही. मे महिन्यात मनालीचं मी तासातासाचं आखलं, तर दुसऱ्याच दिवशी घाटात सासूबाईंना उलट्या सुरू झाल्या आणि पुढचं सगळं कोलमडलं. बोलणी मीच खाल्ली. अन् परवा चिखलदऱ्याला गुरुवारी रात्री ठरवून शनिवारी पहाटे निघालो, तर तीच ट्रिप सगळ्यात छान झाली! तेव्हापासून यजमान म्हणून राहिले, "तू सुट्टी नाही, ऑडिट करतेस." यंदा भाऊबीज आटोपली की सासू-सासऱ्यांना तिरुपतीला न्यायचंच आहे. आम्ही चौघं (मुलं १४ आणि ९ वर्षांची), दीर-जाऊ आणि त्यांची ११ वर्षांची मुलगी, सासूबाई ७० च्या, सासरे ७५ चे. चुकतंय कोण? आणि किती आधीपासून लागायचं?
– यादीवाली, मनीषनगर, नागपूर'

यादीवाली,

चुकताय दोघंही, आणि गंमत म्हणजे दोघांची चूक एकच आहे. तू चारही सहलींना एकच माप लावलंस, यजमानांनीही एकच लावलं. तुझं माप 'सगळं आधी' आणि त्यांचं 'सगळं नंतर', एवढाच फरक. प्रत्येक सहलीत एक गोष्ट अशी असते, जी बाकी सगळ्यांच्या आधी संपते. ती कोणती हे ओळखायचं, तेवढी वेळेत धरायची, बाकीचं सैल सोडायचं.

चिखलदरा छान झालं ते ऐनवेळी ठरलं म्हणून नाही. तिथे संपण्यासारखं काही नव्हतंच म्हणून झालं. घरची गाडी, अमरावती-परतवाड्याचा ओळखीचा रस्ता, जेमतेम पाच तास. एक हॉटेल भरलं तर शेजारचं. यजमानांना म्हणावं, हीच ट्रिप १५ ऑगस्टला लागून आलेल्या शनिवार-रविवारी अशीच ठरवून दाखवा. घाटात गाड्यांची रांग लागते, दुपारपर्यंत खोल्या संपतात, आणि कुटुंब गाडीत बसून धुकं बघतं. माहेरी जायचं असेल, रामटेकला जायचं असेल, तर तुझी यादी खरंच कपाटात ठेव. माहेरी फक्त किती जण येतोय एवढं कळवलं तरी आई खूश होते.

ताडोबाचं गणित उलटं आहे. तिथे खोल्या पुष्कळ, आत सोडायच्या गाड्या मोजक्या. तुम्ही आधी रिसॉर्ट घेतलं आणि मग जिप्सी शोधली, तिथेच फसलात. क्रम असा: आधी गेट आणि सफारीचं परमिट, मग त्याच गेटजवळची खोली. कोलारा गेटचं परमिट आणि मोहर्ली गेटला मुक्काम असं झालं, तर पहाटे बाहेरून वळसा घालून जाण्यात सकाळच्या सफारीचा वेळ जातो. जिप्सीत सहा जण. तुम्ही नऊ, म्हणजे दोन जिप्स्या, आणि दोन्ही एकाच गेटच्या, एकाच पाळीच्या. नाहीतर अर्धे वाघ बघून येतात आणि अर्धे ऐकून घेतात. ज्या ओळखपत्रावर परमिट काढलं तेच मूळ ओळखपत्र गेटवर लागतं, म्हणून ऐनवेळी 'आमच्या साडूंनाही घ्या' हे चालत नाही. कोअर, म्हणजे जंगलाचा आतला भाग, मंगळवारी बंद, पावसाळ्यात १ जुलै ते ३० सप्टेंबर बंद. मोबाइलही कोअरमध्ये नेता येत नाही, ते मुलांना आदल्या दिवशीच सांगून ठेव. नाताळ ते नववर्षाच्या आठवड्यासाठी काही महिने आधी बसावं लागतं. एवढं जमणार नसेल तर बफरची, म्हणजे कोअरबाहेरच्या पट्ट्यातली सफारी घ्या, नाहीतर उमरेड-कऱ्हांडला अभयारण्य बघा. वाघाची हमी कुठेच नसते, मग निदान पळापळ तरी वाचवा.

आता तिरुपती. इथे दोन गोष्टी संपतात आणि त्यांची दारं वेगवेगळ्या दिवशी उघडतात. सगळा घोळ तिथेच आहे. ३०० रुपयांच्या विशेष प्रवेश दर्शनाची तिकिटं देवस्थानाच्या संकेतस्थळावर साधारण तीन महिने आधी खुली होतात, महिन्याच्या उत्तरार्धात. म्हणजे नोव्हेंबरसाठी ऑगस्टचा शेवट. रेल्वेचं आरक्षण मात्र ६० दिवस आधी. पूर्वी ते १२० दिवस होतं, १ नोव्हेंबर २०२४ पासून कमी झालं. बऱ्याच घरांत अजून जुनाच हिशेब चालतो, चार महिने आधी उघडून बघतात, तारीख दिसत नाही, 'नंतर बघू' म्हणतात, आणि ते नंतर कधी येत नाही. तुमच्याकडेही असंच झालं असावं.

दर्शन आधी काढायचं, गाडी हाती नसली तरी. गाडी नाही मिळाली तर माणशी ३०० रुपये बुडतील. गाडी मिळाली आणि दर्शन नाही मिळालं, तर सासूबाईंना सर्वदर्शनाच्या मोफत रांगेत तासन् तास उभं राहावं लागेल. कोणतं नुकसान परवडेल ते तूच ठरव. पण दर्शनाची तारीख टाकण्याआधी गाड्यांचे वार बघ. नागपूरहून थेट तिरुपतीला किंवा शेजारच्या रेणिगुंट्याला जाणाऱ्या बहुतेक गाड्या ठराविक वारीच असतात. रोजच्यांत केरळ एक्स्प्रेस थेट तिरुपतीला जाते. जीटी एक्स्प्रेसही रोजची, पण ती गुडूरला पहाटेच्या अंधारात उतरवते. तिथून तिरुपती रस्त्याने दोनेक तास. गुडूरला उतरायचं असेल तर टॅक्सी आदल्या दिवशी ठरलेली हवी, म्हाताऱ्यांना घेऊन फलाटावर घासाघीस नको. पोहोचण्याचा दिवस आणि दर्शनाचा दिवस कधीही एक ठेवू नकोस. गाडी चार तास उशिरा आली की दर्शनाची वेळ हुकलीच.

सासू-सासरे दोघंही पासष्टच्या वर आहेत. त्यांच्यासाठी ज्येष्ठांचा वेगळा मोफत कोटा असतो, तोही तीन महिने आधीच खुला होतो. तो घेतला तर त्यांचं दर्शन तुमच्यापासून वेगळं होतं. जावेला ते आवडणार नाही, 'सगळ्यांनी एकत्र' असं ती म्हणेल. गुडघे दुखत असतील तर तिचं ऐकू नकोस. बारा वर्षांच्या आतल्या दोन्ही मुलांना ३०० चं तिकीट लागत नाही, पण वयाचा पुरावा जवळ ठेव. मोठ्याला लागतं. डोंगरावरच्या खोल्यांचं आरक्षण वेगळं काढावं लागतं, दर्शनाबरोबर ते आपोआप येत नाही. कपड्यांचं आधीच सांगून ठेव: पुरुषांना धोतर किंवा पायजमा, बायकांना साडी किंवा ओढणीसह चुडीदार. मुलाची हाफपँट बॅगेतच राहील.

गाडीचा दिवस मोजायला घरोघरी चुकतात. ६० दिवस मोजायचे ते गाडी जिथून सुटते त्या स्टेशनच्या तारखेपासून, तुम्ही बसता त्या तारखेपासून नाही. जीटी आदल्या दिवशी दिल्लीहून सुटते आणि दुसऱ्या दिवशी नागपूरला येते. म्हणजे १४ नोव्हेंबरला नागपूरहून बसायचं तर गाडीची तारीख १३, आणि आरक्षण १४ सप्टेंबरला सकाळी ८ वाजता उघडणार. १५ सप्टेंबरला बुकिंगला बसलात की एक दिवस हातचा गेला. १५ नोव्हेंबरला पोहोचा, १६ ला दर्शन, १७ ला परत. परतीचं आरक्षण त्या दिवशी उघडणार नाही, ते १८ सप्टेंबरला. जाण्याचं काढून निश्चिंत झालेली आणि परतीला अडकलेली कुटुंबं दर दिवाळीत दिसतात.

तिकिटं तीन भागांत काढ. एका तिकिटावर सहाच नावं बसतात आणि तुम्ही नऊ. सासू-सासऱ्यांचं दोघांचंच वेगळं, ज्येष्ठांच्या लोअर बर्थ कोट्यातून. हा कोटा साठीच्या वरचे पुरुष आणि पंचेचाळिशीच्या वरच्या बायका यांच्यासाठी असतो, पण तिकिटावर जास्तीत जास्त दोन जण असले तरच. सगळ्यांना एकाच तिकिटात कोंबलंस की सासूबाईंच्या वाट्याला मधला बर्थ येऊ शकतो. मग रात्री दहानंतर 'भाऊ, जरा खालचा द्याल का' हे सुरू होतं. तोटा एवढाच की त्यांचा डबा वेगळा येऊ शकतो. तरी खालचा बर्थ जास्त मोलाचा. दुसरं तिकीट तुम्हा चौघांचं, तिसरं दिराकडच्या तिघांचं. पाच ते बाराच्या मुलांना अर्ध्या भाड्यात बर्थ मिळत नाही. रात्रीचा प्रवास आहे, दोघांचंही पूर्ण भाडं भर.

८ वाजता तीन फोन, तीन माणसं. रेल्वे बुकिंगची खाती आधीच आधारशी जोडलेली हवीत, नाहीतर आरक्षण उघडतं त्या सुरुवातीच्या वेळेत खातं चालणारच नाही. नावं आणि वयं आदल्या रात्री खात्यातल्या मास्टर लिस्टमध्ये भरून ठेवा. आठला नाव टाइप करत बसलात की वेटिंग सुरू.

वेटिंग आलंच तर ते कोणतं, ते वाच. नागपूर मधलं स्टेशन आहे, म्हणून इथून निघणाऱ्या तिकिटावर कधी कधी आरएलडब्ल्यूएल लिहिलेलं येतं. ते आपल्या टापूला दिलेल्या लहानशा कोट्याचं वेटिंग, त्याच कोट्यातलं कुणी रद्द करेल तरच पुढे सरकतं. जीएनडब्ल्यूएल, म्हणजे सर्वसाधारण वेटिंग, त्या मानाने लवकर सुटतं. गेल्या दिवाळीतलं तुमचं कोणतं होतं, जुना मेसेज उघडून बघ. एक कायदेशीर वाट आहे: नागपूरहून जागा नसेल तर भोपाळ किंवा इटारसीहून बघायची, आणि तिकीट काढतानाच बोर्डिंग नागपूर टाकायचं. भाडं थोडं जास्त पडतं. बोर्डिंग बदलायचं विसरलात तर इटारसीला तुम्ही आला नाहीत असं धरून टीटी जागा दुसऱ्याला देऊ शकतो. तत्काळवर भिस्त ठेवू नकोस. एका तिकिटावर चारच नावं, आणि उघडतं आदल्या दिवशी, म्हणजे बॅगा भरलेल्या आणि जीव टांगणीला.

मनालीबद्दल थोडं. तिथे खोली संपली नव्हती, गाडी संपली नव्हती. सासूबाईंची ताकद संपली, आणि ती तुझ्या तक्त्यात कुठे नव्हती. दिल्लीपर्यंतची रात्र, मग लगेच बारा-चौदा तासांचा रस्ता, हे सत्तरीच्या बाईला झेपत नाही. चंदिगडला नाहीतर मंडीला एक मुक्काम हवा होता. डोंगराच्या सहलीत जाण्या-येण्याची तिकिटं आणि मुक्कामाच्या खोल्या आधी घ्याव्यात, खोली शक्यतो तळमजल्याची. रोजची गाडी, रोजचे पॉइंट तिथे जाऊन ठरवावेत. दर दोन दिवसांनी अर्धा दिवस रिकामा. वांतीची गोळी घाट सुरू होण्याच्या अर्धा तास आधी, डॉक्टरांना विचारून. घाटात पोचल्यावर दिलेली गोळी बाहेरच येते. रोहतांगचं परमिट तेवढं आधी, आणि तेही मंगळवार सोडून. हेही मंगळवारीच!

शाळेचा एक फायदा आपल्याकडे आहे, तो फारसं कोणी घेत नाही. विदर्भातल्या राज्य मंडळाच्या शाळा उन्हामुळे उरलेल्या महाराष्ट्रापेक्षा आठवडाभर तरी उशिरा उघडतात. पुण्या-मुंबईची मुलं जूनच्या मध्याला वर्गात बसली की आपल्याला ते दिवस मोकळे. फक्त कोकणात जाऊ नका, तोवर तिथे पाऊस लागलेला असतो आणि सिंधुदुर्गाच्या होड्या बंद. डिसेंबरात उलटं. हिवाळी अधिवेशन चालू असलं की नागपूर-मुंबई विमानाचं भाडं शुक्रवार आणि रविवारला चढतं. त्या दिवसांत मुंबईमार्गे कुठे जायचं असेल तर मधला वार धरा.

राहिले यजमान. 'ऑडिट' हा शब्द लागला, हे पत्रात दिसतं. पण बघ, यादी तू एकटी करतेस, एकटीच राबवतेस, आणि मग सगळे तिच्यात खोड काढायला मोकळे. त्यांना 'मदत करा' म्हणू नकोस, एक अख्खं काम दे आणि त्यात डोकावू नकोस. दर्शन आणि खोल्या तुझ्याकडे. रेल्वे यजमान आणि दीर यांच्याकडे. औषधं, आधार कार्डांच्या प्रती आणि डबा जावेकडे. डब्यात दशम्या, तिखट-मिठाच्या पुऱ्या आणि दाण्याची चटणी, दह्याचं काही नको. ग्रुपवर एकच मेसेज टाक: अमुक तारखेपर्यंत माणशी इतके पैसे, ज्याचे आले तो येणार. पैसे भरेपर्यंत नातेवाइकांचा 'नक्की' हा आकडा धरू नकोस.

आणि तारीख आत्ताच दारामागच्या कॅलेंडरवर लाल पेनाने लिही, कारण यंदा १४ सप्टेंबरला गणेश चतुर्थी आहे. आठ वाजता घरात आरास, मोदक, मूर्ती आणायची घाई, आणि तिकिटं विसरायला याहून चांगला मुहूर्त नाही. प्रतिष्ठापना मध्यान्हीची असते. यजमानांना सव्वाआठपर्यंत फोन घेऊन एका जागी बसव, मूर्ती आणायला मुलांना पाठव.

– मावशी