वाचकांचे प्रश्न : चौघींचा कोड एकत्र का चालत नाही?

प्रश्न : आम्ही चौघी संगणक अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहोत. वसतिगृहाच्या मेसचा हिशोब ठेवणारा मिनी प्रोजेक्ट केला. प्रत्येकीने आपापला भाग वेळेत पूर्ण केला. पण शेवटच्या आठवड्यात सगळं जोडायला घेतलं, तर गिटमध्ये (सगळ्यांच्या कोडमधले बदल नोंदवून जोडणारं साधन) कॉन्फ्लिक्टच कॉन्फ्लिक्ट, म्हणजे एकमेकींशी न जुळणारे बदल, आणि बिलंही चुकीची. अंतिम वर्षाला हे कसं टाळावं?
– एक विद्यार्थिनी, नांदेड

उत्तर : तुमचा कोड वाईट नव्हता, जोडणी उशिरा सुरू झाली. जोडणं हेच सॉफ्टवेअर अभियांत्रिकीतलं खरं अवघड काम, म्हणून ते पहिल्या पंधरवड्यात हाती घ्या.

पहिला आठवडा कोड लिहू नका. चौघी एकत्र बसून कोणत्या भागाकडून कोणत्या भागाकडे काय जाणार, ते नावानिशी ठरवा आणि रिपॉझिटरीतल्या (प्रोजेक्टच्या सामायिक कोडसाठ्यातल्या) एका फाइलमध्ये लिहून ठेवा. एकीने ५ जून म्हणून ०५-०६ अशी तारीख पाठवली आणि दुसरीने ती ६ मे म्हणून वाचली, की बिल चुकलंच. वर्ष-महिना-दिवस हाच क्रम ठेवा. जावास्क्रिप्ट वापरत असाल तर तिथे जानेवारी म्हणजे ०, हेही लक्षात असू द्या. रक्कम दशांशात साठवू नका : ०.१ आणि ०.२ बायनरीत नेमके मांडता येत नाहीत, त्यामुळे त्यांची बेरीज ०.३पेक्षा किंचित जास्त भरते. हिशोब पैशांत, पूर्णांकात करा. रुपये फक्त पडद्यावर दाखवताना.

दुसऱ्या आठवड्यात एक बारीकसा धागा आरपार ओवा. एक नाव टाइप केलं, ते डेटाबेसमध्ये गेलं, तिथून परत पडद्यावर आलं. दिसायला कसंही असो, चारही भाग त्या धाग्यात आले पाहिजेत. पुढची प्रत्येक सोय या चालत्या सांगाड्यावर चढवा.

आता गिट. दोघींनी त्याच किंवा लगतच्या ओळी बदलल्या, की कॉन्फ्लिक्ट येतो. म्हणून कोणतीही ब्रँच (कोडची वेगळी कामप्रत) दोन दिवसांपेक्षा जास्त वेगळी ठेवू नका, आणि काम सुरू करण्याआधी गिट पुल कराच, म्हणजे इतरींचे ताजे बदल आपल्याकडे उतरवून घ्या. पुष्कळ कॉन्फ्लिक्ट खरे नसतातच : एकीचा एडिटर अख्खी फाइल नव्याने मांडतो, किंवा विंडोज आणि लिनक्समध्ये ओळ संपवण्याची खूण वेगळी पडते, आणि गिटला प्रत्येक ओळ बदललेली दिसते. सगळ्यांनी एकच फॉर्मॅटर (कोडची मांडणी ठरवणारं साधन), एकच सेटिंग वापरा. कॉन्फ्लिक्ट सोडवताना दुसरीच्या ओळी तिला न विचारता उडवू नका.

याहून घातक प्रकार गिटला दिसतच नाही. एकीने फंक्शनचं नाव बदललं, त्याच वेळी दुसरीने वेगळ्या फाइलमध्ये जुन्या नावाने ते वापरलं. मर्ज (दोन ब्रँचची जोडणी) सुरळीत होतं, प्रोग्रॅम मात्र कोसळतो. म्हणून प्रत्येक मर्जनंतर टेस्ट चालवा. दर शुक्रवारी एकीने रिकाम्या फोल्डरमध्ये ताजी प्रत उतरवून, फक्त रीडमी (प्रोजेक्ट कसा चालवायचा ते सांगणारी फाइल) वाचून प्रोजेक्ट चालू करून पाहावा. ‘माझ्या लॅपटॉपवर तर चालतं’ हा वाद तिथेच मिटतो. आणि डेटाबेसचा पासवर्ड चुकून कमिट झाला (गिटमध्ये नोंदला गेला), तर नुसती ओळ खोडून भागत नाही, तो गिटच्या इतिहासात राहतो. पासवर्डच बदला.

प्रश्न : एसआरएस (सॉफ्टवेअरने काय करायला हवं ते आधी लिहून ठेवणारा दस्तऐवज) आणि वॉटरफॉल (एक टप्पा संपवून मगच पुढचा घेण्याची कामाची पद्धत) हे फक्त परीक्षेपुरतं आहे का?
– द्वितीय वर्ष, सांगली

उत्तर : वॉटरफॉलची आकृती ज्यांच्या १९७०च्या लेखातून आली असं शिकवलं जातं, त्या विन्स्टन रॉइस यांनी त्याच लेखात बजावलं होतं, की असं सरळ एकामागून एक टप्प्यांत काम करणं धोक्याचं आहे. उत्तरपत्रिकेत एवढं जरूर लिहा.

एसआरएसची किंमत मात्र मोठी आहे. ४ जून १९९६ रोजी एरियान ५ हे रॉकेट पहिल्याच उड्डाणात, जेमतेम ४० सेकंदांत नष्ट झालं. एरियान ४साठी लिहिलेला कोड त्यात तसाच घेतला होता. नव्या रॉकेटचा आडवा वेग जास्त. त्याच्याशी निगडित ६४ बिटांची संख्या १६ बिटांत कोंबली गेली. तिथे कमाल ३२,७६७ मावतात. जुन्या रॉकेटसाठी धरलेलं गृहीतक नव्यासाठी कुणी तपासलं नाही. म्हणून ‘सॉफ्टवेअर वेगवान असावं’ असं लिहू नका. ‘एका वेळी ५० जणांनी बिल उघडलं तरी ते २ सेकंदांत दिसावं’ असं लिहा, म्हणजे ते तपासता येतं.

प्रश्न : टेस्ट केसमध्ये नेमकं काय घालायचं?
– तृतीय वर्ष, कोल्हापूर

उत्तर : कडेच्या गोष्टी. मेसचंच उदाहरण घ्या : शून्य दिवस रजा, पूर्ण महिना रजा, ३० तारखेला सुरू होऊन पुढच्या महिन्यात संपणारी रजा, २९ फेब्रुवारी, आणि सुरुवातीच्या आधीच संपणारी रजा.

मराठी नावंही घाला. ‘श्री’ आपल्याला एक अक्षर दिसतं; युनिकोडमध्ये (सगळ्या लिप्यांच्या चिन्हांना क्रमांक देणारं मानक) ती ४ चिन्हं आहेत, यूटीएफ-८मध्ये (ती चिन्हं बाइटमध्ये साठवण्याची पद्धत) १२ बाइट. बाइट मोजून नाव तोडलं, तर अक्षर मध्येच चिरतं. ‘गोऱ्हे’मधला ऱ दोन प्रकारे साठवता येतो : एकसंध, किंवा र आणि नुक्ता असा जोडून. दिसायला सारखंच, पण शोध घेतला की नाव सापडत नाही. म्हणून साठवण्याआधी आणि शोधण्याआधी, दोन्ही वेळा मजकूर एनएफसी रूपात (युनिकोडचं ठरावीक एकसारखं रूप) आणा.