सगळं असूनही मन लागत नाही, मग हे डिप्रेशनच का?

“मॅडम घर झालं, नोकरी बरी आहे, घरात भांडणं नाहीत, तरी कशातच समाधान नाही, मला डिप्रेशन तर नाही ना?” ठाण्यात काउन्सेलिंगचं काम करताना हा प्रश्न मला सारखा ऐकू येतो, खास करून तिशी-चाळिशीतल्या लोकांकडून, म्हणून एका केसबद्दल सविस्तर लिहितेय. ओळख पटू नये म्हणून बारीकसारीक तपशील बदललेत.

गृहस्थ घोडबंदर रोडला राहणारे, ऑफिस ऐरोलीला. आल्या आल्या मोबाईल पुढे केला, ऑनलाईन टेस्ट दिलेली, स्कोअर ११, खाली ‘मध्यम डिप्रेशन’. टेस्ट होती पीएचक्यू-९, ती काही फालतू नाही, जगभर डॉक्टर वापरतात, ९ प्रश्न, प्रत्येकाला ० ते ३ मार्क, गेल्या २ आठवड्यांबद्दल विचारतात आणि १० किंवा जास्त आले तर नीट तपासून घ्या असं धरतात. पण तपासून घ्या म्हणजे आजार आहेच असं नाही, थर्मामीटरला ताप कळतो, तो कशाचा ते कळत नाही.

म्हणून आम्ही एकेक प्रश्न परत घेतला. झोपेला ३ मार्क दिलेले. म्हटलं झोप येत नाही की तुम्ही झोपत नाही? जरा थांबले, मग म्हणाले सगळे झोपले की दीड वाजेपर्यंत मोबाईल बघत बसतो, दिवसभरात तेवढाच वेळ माझा असतो. आणि सकाळी सहाला उठायचं. मग थकव्याला ३ आणि लक्ष न लागण्याला २ कुठून आले ते उघडच होतं. उरलेले ३ मार्क उदास वाटणं, रस नसणं आणि स्वतःबद्दल वाईट वाटणं यांना एकेक. रविवारी मुलीला उपवनला सायकल शिकवतात, ते सांगताना मात्र माणूस खुर्चीत पुढे सरकून बसला, ती ब्रेक कशी विसरते ते हाताने करून दाखवलं.

नववा प्रश्न मरणाच्या विचारांचा. तो मी सरळ विचारते, विचारल्यामुळे असा विचार डोक्यात शिरत नाही हे लोकांना पटत नाही पण खरं आहे. त्यांचं उत्तर नाही असं होतं.

डिप्रेशनचं निदान करताना २ आठवडे, दिवसाचा बराचसा वेळ, जवळजवळ रोज उदास वाटणं किंवा कशातच रस नसणं यातलं एक तरी लागतं, सोबत बाकीची लक्षणं धरून ९ पैकी किमान ५, आणि त्यामुळे रोजचं जगणं अडलेलं असणं. यांचं तसं दिसत नव्हतं. तरी निदान करणं माझं काम नाही म्हणून सायकियाट्रिस्टकडे पाठवलं, त्यांनी थायरॉईड, बी १२, हिमोग्लोबिन बघितलं (ते कमीजास्त असलं तरी माणूस असाच गळल्यासारखा होतो), सगळं नॉर्मल, आणि आत्ता गोळ्यांची गरज नाही म्हणाले.

हे ऐकून माणसाला बरं वाटायला हवं ना? ते चक्क हिरमुसले. म्हणाले, “मग मला झालंय तरी काय? घरी काय सांगू?” माझ्या मते खरी गोष्ट इथे होती. घरी काही बोललं की बायको म्हणायची अरे आता काय कमी आहे, आई म्हणायची तुझ्या बाबांनी डोंबिवलीहून लटकत लोकल केली आयुष्यभर. आजाराचं नाव मिळालं असतं तर निदान वाईट वाटायची परवानगी तरी मिळाली असती.

मग हळूहळू निघालं. मॅनेजर झाल्यापासून कोडिंग सुटलं, दिवसभर कॉल, एक्सेल आणि लोकांच्या रजा. परत टेक्निकल कामाला जावंसं वाटतं, पण पगार घटेल, ईएमआय आहे, आणि लोक म्हणणार याचं डिमोशन झालं. हे त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं. असं मनात दाबलेलं असमाधान आजार नसतं पण ते खरं असतं, त्याला ‘नाटकं’ म्हणणाऱ्यांचा मला राग येतो.

आणि उलटंही होतं बरं का. कळव्याच्या एक ताई याच वाक्याने आलेल्या, “सगळं आहे पण मन लागत नाही”, पण त्यांना पहाटे चारला जाग यायची ती परत डोळा लागायचा नाही, जेवण सुटलेलं, नातवाला मांडीवर घेऊनही काही वाटत नव्हतं. त्यांना औषध लागलं आणि काही आठवड्यांनी फरकही पडला. म्हणून स्वतःच ठरवू नका, दाखवून घ्या. मरणाचे विचार येत असतील तर अजिबात थांबू नका, १४४१६ ही सरकारची टेली मानस हेल्पलाईन आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

या गृहस्थांच्या बायकोला पुढच्या वेळी सोबत बोलावलं. सगळं ऐकून घेतलं तिने, मग एवढंच विचारलं, “पगार किती कमी होईल?” दोघांनी तिथेच मोबाईलवर ईएमआय, शाळेची फी, आईची औषधं मांडली. जमेल की नाही अजून ठरलेलं नाही, कंपनीत तसा रोल रिकामा आहे का हेही विचारायचंय, पण आता हिशोब दोघं मिळून करतात.