'फॉन' म्हणजे आपलं 'कर' का?

प्रश्न : जर्मन नावांतलं 'फॉन' आपल्या 'पारोळेकर'मधल्या 'कर'सारखंच का? (एक वाचक, अमळनेर)

उत्तर : मुळात हो. बोलांडेन गावचे, म्हणून 'फॉन बोलांडेन'. या घराण्याचा मला फार लळा. बाराव्या शतकातले दुसरे वेर्नर 'मिनिस्टेरिआले' होते. कमरेला तलवार, बुडाखाली घोडा, पण कायद्याने धन्याचे बांधील. लग्नालाही त्याची परवानगी हवी! तरी या माणसाने चाळीसहून अधिक धन्यांकडून जमिनी मिळवल्या आणि कोणती कुणाकडून, ते लॅटिनमध्ये वहीत उतरवून ठेवलं. तिची तेराव्या शतकातली नक्कल आजही शाबूत आहे. धुळ्याला आजोबांच्या पेटीतलं लाल बासन सोडताना, पाटीलकीचे कागद चुरचुरतात तेव्हा, मला तीच वही आठवते. तुमच्याकडे असे कागद असतील तर वैशाखाच्या उन्हात घालू नका, सावलीतच हवा द्या.