रविवारची माहिती आता तू कळवणार, म्हणून

प्रिय दोस्ता,

आपल्या धावण्याच्या गटाच्या रविवारच्या लाँग रनची, म्हणजे लांब पल्ल्याच्या धावण्याची, माहिती यापुढे तू सगळ्यांना कळवणार, हे ऐकून फार बरं वाटलं. हे काम मी बरीच वर्षं केलंय, म्हणून लिहिते.

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. पहाटे साडेपाचला पुण्यातल्या तळजई टेकडीच्या पायथ्याशी एक बाई पहिल्यांदाच आल्या होत्या. एका हातात गाडीची किल्ली, दुसऱ्यात मोबाइल, दोन्ही ठेवायचे कुठे हे ठाऊक नाही. आपली मंडळी पेस (धावण्याचा वेग) आणि घड्याळांबद्दल बोलण्यात रंगलेली. त्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "इथे बाथरूम कुठे आहे? आणि मी सगळ्यांच्या मागे पडले, तर परत कशी येऊ?" आमच्या लांबलचक निरोपात या दोन्हींचं उत्तर नव्हतं. तेव्हापासून मी निरोपाची सुरुवातच तिथून करते: गाडी कुठे लावायची, सामान कुणाकडे द्यायचं, बाथरूम कुठे, शेवटच्या माणसासोबत कोण धावणार. किलोमीटर नंतर.

कळवलेलं खरं आहे ना, हे मात्र दर वेळी बघ. एकदा मार्चमध्ये मी कळवलं होतं, "आठव्या किलोमीटरला टपरीवर पाणी मिळेल." टपरी बंद होऊन महिना झाला होता. त्या भरवशावर बाटली न घेता निघालेला एक मुलगा चक्कर येऊन रस्त्याकडेच्या दगडावर बसला. चूक माझी होती, ती अजून सलते. आता मी लिहिते, "शुक्रवारी स्वतः पाहून आले", नाहीतर "ऐकलंय, पाहिलेलं नाही". तूही लिहीत जा. त्यात कमीपणा नाही.

शरीराच्या बाबतीत तर दुप्पट जप. "तहान नसली तरी पाणी पीत राहा" हा सल्ला लोक किती प्रेमाने देतात! 2002 च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये 488 धावपटूंचं रक्त तपासलं, तेव्हा 13 टक्के जणांच्या रक्तातलं सोडियम, म्हणजे क्षार, हवं त्यापेक्षा कमी निघालं. त्यात शर्यतीदरम्यान अति पाणी पिऊन वजन वाढलेले बरेच होते. धावण्याआधी वेदनाशामक गोळी घेण्याचा सल्लाही असाच फिरतो, आणि त्या गोळ्या मूत्रपिंडाला जड जाऊ शकतात. असलं काही पुढे पाठवू नकोस. डॉक्टरांना विचारा म्हण.

साताऱ्याची हिल हाफ मॅरेथॉन 2012 पासून होते. यवतेश्वरचा घाट चढून कासच्या रस्त्याला लागायचं आणि त्याच घाटाने उतरायचं. नवखे सगळे चढाचीच धास्ती घेतात. मला एका जुन्या धावपटूने सांगितलं, "ताई, पायांची परीक्षा उतारावर असते. मांड्या सारखा ब्रेक लावत असतात आणि बोटं बुटाच्या टोकावर आपटून नखं काळी पडतात." एवढं बोलून तो फुटपाथवर माझ्या पायाशी बसला. बुटाच्या सगळ्यात वरच्या, एरवी रिकाम्या राहणाऱ्या भोकातून लेस आत घेतली, दोन्हीकडे छोटे फास केले, समोरासमोरच्या लेसा त्यांतून ओवून ओढल्या. टाच पक्की बसली. त्याला माझं नावही ठाऊक नव्हतं. आजवर मी कितीतरी जणांना तशी लेस बांधून दिली असेल.

म्हणूनच सांगते, एखाद्या दुकानाने बूट खपवण्याबद्दल काही देऊ केलं, तर घेऊ नकोस. एकदा घेतलंस, की "हा बूट चांगला" हे तुझं वाक्य लोक तपासून घेऊ लागतील.

आणि एक, कोण कुठे राहतं, एकटी कुठल्या रस्त्याने किती वाजता धावते, हे ज्याचं त्यानेच सांगावं. धावण्याची नोंद ठेवणाऱ्या स्ट्राव्हा ॲपच्या नकाशावरून 2018 मध्ये लष्करी तळांच्या जागासुद्धा उघड झाल्या होत्या. आपल्या मुलींचं घर सापडायला कितीसा वेळ लागेल?

येत्या रविवारी मी सव्वापाचला येते. पाण्याच्या जागा शनिवारी आपण दोघं मिळून बघून येऊ. आणि त्या दिवशी शेवटच्या माणसासोबत मी धावेन, तसं कळवून टाक.

तुझी,
ताई